निर्णय एकाचा, तोटा दुसऱ्याच्या वहीत

वॉल्ट डिस्ने कंपनीच्या गेल्या काही वर्षांबद्दल चर्चा निघाली की ती फार लवकर दोन माणसांच्या स्वभावावर येऊन ठेपते. बॉब आयगर म्हणजे कलावंतांची कदर असलेले, मिठास बोलणारे मुत्सद्दी; बॉब चेपेक म्हणजे थीम पार्कच्या धंद्यातून वर आलेले, आकड्यांपलीकडे न पाहणारे रूक्ष कारभारी. पहिल्यांनी दुसऱ्यांना गादीवर बसवले, दुसऱ्यांनी घडी विस्कटली, आणि पहिल्यांना वानप्रस्थ सोडून परत यावे लागले. उलट बाजू मांडणारेही याच चाकोरीतून चालतात, फक्त खलनायक बदलतात: आयगर यांनी खुर्ची सोडली, पण खुर्चीवरचा हात काढला नाही, असे ते सांगतात. दोन्ही कथा रंगतदार आहेत आणि दोन्हींत काही तथ्यही आहे. मात्र त्यांतून आपल्याकडच्या अर्थविषयक स्तंभांत आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत जो धडा काढला जातो, तो मला फार पातळ वाटतो. मोठ्या माध्यम कंपनीत अंतर्गत संघर्ष असू नये, सगळ्यांची तोंडे एका दिशेला असावीत, नेत्याने मने जुळवावीत, म्हणजे धोरण आपोआप बळकट होते, असा तो धडा. मने जुळवूनच भागले असते, तर आपल्याकडे वाटणीचे दावे तीन-तीन पिढ्या चालले नसते.

माझे म्हणणे वेगळे आहे. मोठ्या माध्यम कंपनीतले भांडण हे बहुतेक वेळा वरच्यांनी न सोडवलेल्या प्रश्नाचे खाली उगवलेले पीक असते. एखादा चित्रपट आधी चित्रपटगृहात लावायचा की थेट मोबाइलवर आणायचा, हे कोण ठरवणार? ते चुकले तर तोटा कोणाच्या खाती मांडायचा? आणि यश मोजायचे ते तिकीटबारीने, वर्गणीदारांच्या संख्येने की नफ्याने? हे प्रश्न म्हणजेच त्या कंपनीचे धोरण. ते संचालकांच्या टेबलावर ठरले नाहीत, की दोन विभागप्रमुखांच्या तोंडून तू-तू मी-मी होऊन बाहेर पडतात. म्हणून भांडण मिटवणे आणि भांडणाचा निकाल लावणे यांत फरक केला पाहिजे. मिटवताना दोघांच्याही हातावर थोडे-थोडे ठेवले जाते आणि दोघेही कुरकुरत उठतात. निकालात एक जण हरतो, आणि तो हरला हे सर्वांना कळते. कंपनी बळकट होते ती दुसऱ्या मार्गाने, आणि या मार्गाची किंमत मोजायची तयारी नसल्यामुळेच स्नेहमेळाव्यांची आणि ‘एक संघ, एक ध्येय’ अशा फलकांची चलती आहे.

आता डिस्नेत नेमके काय घडले ते पाहू. फेब्रुवारी २०२० मध्ये चेपेक मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि पुढच्याच महिन्यात महासाथीने थीम पार्क बंद पाडले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी कंपनीची रचना बदलली. चित्रपट, मालिका आणि क्रीडाप्रक्षेपण निर्माण करणारे विभाग एका बाजूला ठेवले, आणि ते सारे कोणत्या पडद्यावर, केव्हा दाखवायचे याचा अधिकार करीम डॅनियल यांच्या हाताखाली नव्याने उभ्या केलेल्या वितरण विभागाला दिला. नफ्यातोट्याची वहीही त्याच विभागाकडे गेली. म्हणजे ज्याने चित्रपट करायचा, त्याला तो कुठे लागणार हे ठरवता येणार नव्हते. आणि ज्याने ते ठरवायचे, त्याने तो चित्रपट केलेला नव्हता. खटके उडणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. जुलै २०२१ मध्ये ‘ब्लॅक विडो’ चित्रपटगृहांत आणि डिस्ने प्लसवर एकाच दिवशी आला. तिकीटबारीच्या उत्पन्नाशी ज्यांचे मानधन बांधलेले होते, त्या स्कार्लेट जोहान्सन यांनी महिना संपायच्या आत कंपनीवर दावा लावला. कंपनीने उत्तरादाखल त्यांना महासाथीचे भान नाही असे जाहीरपणे सुनावले आणि त्यांना मिळालेले दोन कोटी डॉलरही चारचौघांत मोजून दाखवले. सप्टेंबरअखेर तडजोड झाली. हा दावा बाहेरच्या अभिनेत्रीचा असला, तरी कंपनीच्या आत रोज जो वाद चालू होता त्याचीच ती कोर्टात दाखल झालेली प्रत होती.

चेपेक यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, आणि ते त्यांचे टीकाकार सहसा बोलत नाहीत. चित्रपटगृहांना कुलपे लागलेली असताना प्रत्येक स्टुडिओप्रमुखाने आपला चित्रपट चित्रपटगृहासाठीच राखून ठेवायचा म्हटले असते, तर डिस्ने प्लसवर, म्हणजे इंटरनेटवरून वर्गणीदारांना थेट चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या (स्ट्रीमिंग) सेवेवर, दाखवायला काय उरले असते? पिढ्यान्‌पिढ्या तिकीटबारीवर पोसलेल्या माणसांकडून तिकीटबारीच्या मुळावर येणारा निर्णय आपखुशीने होत नाही. सुभेदाराला स्वतःचा सुभा मोडायला सांगता येत नाही. ते काम दिल्लीहून यावे लागते. शिवाय स्ट्रीमिंगचा डाव मुळात आयगर यांचा. डिस्ने प्लस नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाले ते त्यांच्या कारकिर्दीत, आणि फॉक्सची मालमत्ता ७,१३० कोटी डॉलरना घेऊन कंपनीच्या डोक्यावर कर्ज चढवले तेही त्यांनीच. चेपेक यांची निवडही त्यांचीच, आणि नंतर कार्यकारी अध्यक्ष म्हणून २०२१ संपेपर्यंत सर्जनशील बाजू आपल्याकडे ठेवणारेही तेच. एका म्यानात दोन तलवारी ठेवल्यावर म्यान फाटले, तर नव्या तलवारीला किती दोष द्यायचा?

हे सारे मान्य करूनही चेपेक यांची रचना चुकीचीच होती असे मी म्हणतो, आणि माझे कारण कलावंतांच्या मानापमानाशी संबंधित नाही. त्या रचनेने जुना वाद सोडवला नाही, त्याला विभागाचे रूप दिले. निर्णय केंद्रात आणून तिथेच त्याचे उत्तरदायित्वही आणणे हा एक निकाल झाला असता. इथे मात्र खर्च करणारा एक, खर्च वहीत लिहिणारा दुसरा आणि गुंतवणूकदारांना आकडा सांगणारा तिसरा, अशी विभागणी झाली. मालिका भरमसाट निघाल्या, कारण काढणाऱ्याच्या खाती तोटा पडत नव्हता. वितरण विभागाला त्या हव्याच होत्या, कारण त्याच्या डोक्यावर वर्गणीदारांचे उद्दिष्ट टांगलेले होते. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले होते की २०२४ पर्यंत डिस्ने प्लसचे वर्गणीदार २३ ते २६ कोटी होतील. नोव्हेंबर २०२२ मध्ये आकडे आले तेव्हा स्ट्रीमिंगचा एका तिमाहीचा तोटा १४७ कोटी डॉलर होता, आणि त्या महिन्याच्या २० तारखेला चेपेक पदावरून गेले.

त्या उद्दिष्टातला एक तपशील आपल्या अगदी दाराशी आहे. फॉक्सबरोबर स्टार इंडिया डिस्नेच्या पदरात आली होती, आणि मुंबईहून चालणाऱ्या हॉटस्टारचे वर्गणीदार त्या २३ ते २६ कोटींत धरलेले होते. एकूण संख्येत त्यांचा वाटा तीस ते चाळीस टक्के असेल, असे कंपनीनेच सांगितले होते. अमेरिकेतला वर्गणीदार महिन्याला सहा डॉलरच्या आसपास देई, तर हॉटस्टारच्या वर्गणीदारामागे मिळणारी रक्कम दीड डॉलरच्याही खाली होती. मोजणीत मात्र दोन्ही डोकी सारखीच. जोवर माप डोक्यांचे होते, तोवर मुंबई ही कंपनीची लाडकी लेक होती. मग माप बदलून नफ्यावर आले आणि तीच लेक जड झाली. जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलच्या हक्कांचा लिलाव झाला, तेव्हा स्टारने दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना राखले आणि डिजिटल हक्क रिलायन्सच्या व्हायाकॉम१८ कडे जाऊ दिले. ऑगस्टमध्ये कंपनीने उद्दिष्टाचे दोन तुकडे केले, हॉटस्टार वेगळे आणि बाकीचे वेगळे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सहा कोटींवर असलेले हॉटस्टारचे वर्गणीदार पुढच्या वर्षभरात चार कोटींच्या खाली आले. डिजिटल हक्क सोडणे हा पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय असेलही. पण ज्या विभागाला कालपर्यंत डोकी जमवायला सांगितले होते, त्याच्या हातून डोकी जमवण्याचे साधन काढून घेतल्यावर तिथल्या माणसांना तुम्ही ‘एकदिलाने काम करा’ म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार?

मापाचा हा प्रश्न मी लहान प्रमाणावर स्वतः पाहिला आहे. एका मराठी दैनिकात मी काही वर्षे होतो. छापील अंकाची माणसे दुसऱ्या मजल्यावर आणि संकेतस्थळाची तिसऱ्या, आणि मधल्या जिन्यावर कायमचे अबोल वातावरण. महापालिकेच्या एका मोठ्या निविदेची फाइल आयुक्तांनी परत पाठवल्याची बातमी आमच्या वार्ताहराला दुपारी चार वाजता मिळाली. त्याने टिपणाच्या कागदाची घडी शर्टाच्या खिशात घातली, संध्याकाळच्या बैठकीत ‘पान एकसाठी एक आहे माझ्याकडे’ एवढेच सांगितले आणि तिसऱ्या मजल्याला कळू दिले नाही. कारण त्याच्या नावावर जमा होणारी बातमी ती छापील अंकातली, आणि संकेतस्थळावरच्या वाचकांचा आकडा जमा व्हायचा वरच्या मजल्याच्या नावावर. सात वाजता दुसऱ्याच एका संकेतस्थळावर ती बातमी झळकली. तेलही गेले, तूपही गेले. व्यवस्थापनाने उपाय म्हणून दोन्ही मजल्यांचे एकत्र जेवण ठेवले. पावभाजी उत्तम होती, अंताक्षरीही झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे पूर्ववत चालू झाले. फरक पडला तो वृत्तसंपादकांनी महिन्याचा तक्ता बदलून घेतल्यावर. संकेतस्थळावरची बातमीही वार्ताहराच्या नावावर मोजायची आणि कोणती बातमी किती वाजता सोडायची हे त्या वेळच्या डेस्कप्रमुखाने ठरवायचे, असा नियम झाला. ‘वेळ मी ठरवणार आणि शिव्याही मीच खाणार,’ असे त्यांचे शब्द होते. वेब विभागाच्या प्रमुखांचा अधिकार त्यातून गेला आणि सहा महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. माणूस चांगला होता. निकालाला हरणारा असतो असे मी वर म्हटले ते त्यांना आठवूनच.

डिस्नेच्याच इतिहासात अशा निकालाचे एक चांगले उदाहरण आहे, आणि ते आयगर यांच्या मनमिळाऊपणाखाली झाकून गेले आहे. आयगर यांच्या आधीचे मुख्य कार्यकारी अधिकारी मायकेल आयझ्नर यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात ही कंपनी म्हणजे भांडणांचे आगर झाली होती. १९९४ मध्ये कंपनीतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी फ्रँक वेल्स हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले, त्यांच्या जागेवर डोळा असलेले स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग त्याच वर्षी बाहेर पडले, त्यांनी नवा स्टुडिओ काढला आणि डिस्नेवर दावाही ठोकला. मग वेल्स यांच्या जागी मायकेल ओव्हिट्झ आले, चौदा महिन्यांत गेले आणि जाताना सुमारे १४ कोटी डॉलर घेऊन गेले. २००३ च्या नोव्हेंबरात वॉल्ट यांचे पुतणे रॉय डिस्ने यांनी संचालकपद सोडून उघड बंड पुकारले. जानेवारी २००४ मध्ये पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी डिस्नेने त्यांचे चित्रपट वितरित करण्याच्या करारावरची बोलणी तोडली. मार्च २००४ मध्ये भागधारकांच्या चाळीस टक्क्यांहून अधिक मतांनी आयझ्नर यांना पाठिंबा नाकारला. आणि या सगळ्यात पिक्सारशिवाय पिक्सारच्या चित्रपटांचे पुढचे भाग काढण्यासाठी डिस्नेने सर्कल सेव्हन नावाचा वेगळा स्टुडिओ उभा केला. रागाच्या भरात शेजाऱ्याच्या विहिरीलगत दुसरी विहीर खणावी, तसा हा प्रकार.

आयगर यांनी सूत्रे हाती येण्याआधीच, मार्च २००५ मध्ये, पहिले काम केले ते मुख्यालयातला मध्यवर्ती नियोजन विभाग मोडून काढण्याचे. प्रत्येक विभागाचा प्रत्येक मोठा प्रस्ताव या विभागातल्या विश्लेषकांच्या चाळणीतून जाई; निर्णय त्यांचा आणि त्याचे बरेवाईट परिणाम विभागप्रमुखाचे. आयगर यांनी तो अधिकार विभागांकडे परत दिला. त्यानंतर रॉय डिस्ने यांच्याशी समेट झाला. सप्टेंबरमध्ये हाँगकाँगच्या डिस्नेलँडच्या उद्घाटनाला आयगर गेले असता समोरून मिरवणूक जात होती, आणि तिच्याकडे पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की गेल्या दहा वर्षांत जन्मलेली जी पात्रे समोरून चालली आहेत, ती जवळजवळ सगळी पिक्सारची आहेत. स्वतःच्या घराच्या वरातीत मिरवणारी मुले शेजारच्यांची! जानेवारी २००६ मध्ये ७४० कोटी डॉलरना पिक्सार घेतल्याची घोषणा झाली.

या खरेदीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ती रक्कम नाही. दोन ॲनिमेशन स्टुडिओ एका मालकाखाली आल्यावर कोणत्याही हिशेबी माणसाने ते एकत्र करून माणसे कमी केली असती. इथे पिक्सारच्याच एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांना दोन्हींचे प्रमुख केले आणि स्टुडिओ मात्र वेगळेच ठेवले. एकाने अडचणीत दुसऱ्याकडून हात उसने घ्यायचे नाहीत, आपले ओझे आपणच वाहायचे, असा दंडक घातला. सर्कल सेव्हन बंद झाला. म्हणजे एका वादाचा निकाल लागला, त्यात कोणीतरी हरले, आणि दुसऱ्या एका स्पर्धेला जाणूनबुजून कुंपण घालून जिवंत ठेवले. इथे ‘सगळे एक’ असे कोणी म्हटले नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की विभागांना स्वायत्तता दिली की सवतासुभा उभा राहतो. आक्षेप खरा आहे, आणि सोनीइतके त्याचे बोलके उदाहरण दुसरे नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक प्रसिद्ध खटला पाच विरुद्ध चार मतांनी निकाली काढला. घरबसल्या कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करू देणारे यंत्र विकणारी सोनी एका बाजूला होती, आणि दुसऱ्या बाजूला युनिव्हर्सलच्या जोडीने उभी होती डिस्ने. सोनी जिंकली. पुढे चारपाच वर्षांतच सोनीने सीबीएसची ध्वनिमुद्रिका कंपनी आणि कोलंबिया हा चित्रपट स्टुडिओ विकत घेतला, आणि काल जो वाद न्यायालयात दोन पक्षांत होता तो आज तिच्या पोटात आला. न्यायालयात निदान निकाल लागला होता. पोटातल्या वादाचा निकाल लावायला कोणीच बसले नाही. वॉकमन घडवणारी ही कंपनी आयपॉडपुढे हरली, कारण यंत्र विभागाला गाणी मुक्तपणे फिरायला हवी होती आणि संगीत विभागाला चोरीच्या भीतीने ती कुलपात हवी होती. बरीच वर्षे सोनीचे डिजिटल प्लेअर एमपीथ्री सरळ वाजवीतच नसत, आधी सोनीच्या स्वतःच्या स्वरूपात त्यांचे रूपांतर करावे लागे. २००४ मध्ये काढलेले तिचे गाण्यांचे दुकान २००८ मध्ये बंद झाले. पण या उदाहरणातून स्वायत्तता वाईट असे सिद्ध होते का? सोनीचे दोन्ही सुभेदार आपापल्या वहीशी प्रामाणिक होते. दोन वह्यांच्या वर बसून ‘संगीताच्या खाती तोटा आला तरी चालेल, प्लेअर गेला तर चालणार नाही’ असे, किंवा याच्या नेमके उलट, म्हणणारा माणूस तिथे नव्हता. डिस्नेत नको तो अधिकार वर गेला, सोनीत हवा तो अधिकार वर वापरलाच गेला नाही. दोन्हीकडे घोंगडे भिजत पडले.

दुसरा आक्षेप व्यक्तींचा. रचना कितीही उत्तम असो, ती चालवणारी माणसे महत्त्वाची नाहीत का? आहेत. इथे मला पुण्यातली एक जुनी गोष्ट आठवते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. दिग्दर्शन शांताराम यांचे, ध्वनी दामले यांचा, कलादिग्दर्शन फत्तेलाल यांचे, छायाचित्रण धायबर यांचे आणि पैशाची बाजू सीतारामपंत कुलकर्णी यांची. आज ज्यांना आपण विभाग म्हणतो ते त्या काळी पाच माणसे होती, आणि नेपथ्याचा खर्च वाढला तर कला आणि खजिना एकाच बाकावर बसून भांडत. प्रत्येक विभागप्रमुख हा मालकही असल्यामुळे दुसऱ्याचा तोटा त्याच्याही खिशातून जाई. ‘प्रभात’ची अपूर्व दहा-बारा वर्षे या रचनेची आहेत, केवळ प्रतिभेची नाहीत. मात्र भागीदारांतच बिनसले तर शेवटचा शब्द कोणाचा, याचे उत्तर रचनेत नव्हते. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, मुंबईत त्यांनी राजकमल काढले. प्रभात त्यानंतर दहाएक वर्षांत मिटली, आणि तिच्या जागेवर १९६० मध्ये चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. कोण बरोबर होते यावर पुण्यात अजूनही दोन तट पडू शकतात. मला त्यात पडायचे नाही. एवढेच दिसते की थोर माणसांनाही निकालाची सोय लागते, किंबहुना त्यांना ती जास्त लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो माझ्याच मांडणीच्या मुळाशी जातो. माध्यम कंपनी म्हणजे साबणाचा कारखाना नव्हे. तिच्यात बातमीदार असतात, विनोदकार असतात, आणि मालकाच्या हिताआड येणे हे कधीकधी त्यांचे कामच असते. अशा वादाचाही ‘निकाल’ लावायचा म्हटले, तर तो नेहमी मालकाच्याच बाजूने लागणार नाही का? डिस्नेकडेच पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये डिस्नेच्या मालकीच्या एबीसी न्यूजने डोनाल्ड ट्रम्प यांचा बदनामीचा दावा तडजोडीने संपवला, त्यांच्या नियोजित ग्रंथालयासाठी दीड कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि खेदाची टीपही प्रसिद्ध केली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी उघड दम भरल्यावर आणि स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांच्या दोन मोठ्या समूहांनी कार्यक्रम दाखवायला नकार दिल्यावर एबीसीवरचा विनोदकार जिमी किमेल यांचा कार्यक्रम १७ तारखेला थांबवला गेला आणि चहूबाजूंनी ओरड झाल्यावर २३ तारखेला परत आला. कंपनीचे एकच धोरण, एकच आवाज असावा म्हणणाऱ्यांना हा आठवडा काय सांगतो?

मला तो असे सांगतो की सगळे वाद एका जातीचे नसतात. चित्रपट आधी कुठे लावायचा, हा धंद्याचा वाद. त्याचा निकाल लवकर आणि उघड लागला पाहिजे. बातमी आणि मालकाचे हित यांतला वाद मात्र शेताच्या बांधासारखा आहे. बांध कोरला की तंटा होतो हे खरे, पण म्हणून दोन्ही शेते एक करून टाकणे हा तंट्यावरचा उपाय नसतो. बांध कुठे आहे हे दगड रोवून दाखवणे हा असतो. दावा चालवायचा की मिटवायचा, हे ठरवताना वृत्तविभागाच्या प्रमुखाचा शब्द किती चालेल, कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाचा आणि त्याने कारण लेखी द्यायचे की नाही, हे संकट दाराशी येण्याआधी ठरलेले असले तर सहा दिवसांत दोनदा दिशा बदलावी लागत नाही. म्हणजे हा वाद जिवंत ठेवण्यासाठीसुद्धा आधी कोणाला तरी काहीतरी ठरवावेच लागते. अनिश्चितता ही स्वातंत्र्याची रखवालदार असते, असा एक समज माध्यमांतल्या लोकांत आहे. माझ्या पाहण्यात ती नेहमी बळकट पक्षाच्या उपयोगी पडली आहे.

या साऱ्यात संचालक मंडळाचे काय? जून २०२२ च्या शेवटी डिस्नेच्या मंडळाने चेपेक यांना एकमताने तीन वर्षांची मुदतवाढ दिली, आणि पाच महिन्यांनी त्यांना काढले. ज्या मंडळाला जूनमध्ये सगळे ठीक दिसत होते त्यालाच नोव्हेंबरमध्ये आग लागलेली दिसली, याचा अर्थ त्याने मधल्या काळात माणूस तपासला असेल, वही तपासली नव्हती. आयगर परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी वितरण विभागाचे डॅनियल पदावरून गेले, निर्णयाचा अधिकार निर्मात्यांकडे परत देण्याची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीचे तीन स्पष्ट विभाग झाले आणि सात हजार नोकऱ्या गेल्या. ही किंमत सांगताना टाळ्या वाजवणाऱ्यांनी तो शेवटचा आकडा विसरू नये. वही हाती आली म्हणून चित्रपट लगेच चांगले निघाले असेही झाले नाही. २०२३ मध्ये डिस्नेचे बरेच मोठे चित्रपट आपटले, आणि संख्येच्या मागे लागून दर्जा पातळ झाला हे आयगर यांनीच मान्य केले. पण आता ते कोणाचे अपयश, हे सांगता येत होते. २०२४ च्या उन्हाळ्यातल्या तिमाहीत कंपनीचा स्ट्रीमिंगचा एकत्रित धंदा प्रथमच नफ्यात आला.

भारतातला धंदा मात्र तोवर वेगळ्या वाटेला लागला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायाकॉम१८ यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. आयपीएलचे डिजिटल हक्क ज्यांना गेले होते त्यांच्याशीच ही सोयरीक झाली. सूत्रे रिलायन्सकडे गेली आणि डिस्नेकडे ३७ टक्क्यांच्या आसपास हिस्सा राहिला. त्यामुळे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन वाहिन्या, ज्या कालपर्यंत संध्याकाळच्या त्याच तासांत त्याच घरांतल्या त्याच प्रेक्षकांवर टपून बसलेल्या असत, आता एका छताखाली आल्या आहेत. एकीची मालिका वर चढली तर दुसरीची घसरते. दोन्हींचे लेखक, कलाकार आणि निर्माते मुंबई-ठाण्याच्या त्याच वर्तुळातले आहेत. एका वाहिनीने आपली वेळ दुसरीसाठी सोडायची की दोघींनी तसेच भिडत राहायचे, आणि सोडली तर घसरलेला आकडा कोणत्या वाहिनीच्या वहीत लिहायचा, हे त्या छताखाली कोणीतरी ठरवलेले असेल किंवा नसेल. ठरवलेले नसले, तर त्याचा पहिला पत्ता कुठल्या तरी सेटवर, मधल्या जेवणाच्या सुट्टीत, आपली मालिका का बंद होते आहे हे एकमेकांना विचारणाऱ्या माणसांना लागेल.